रशिया : भूमी, राज्यकर्ते आणि माणसे

प्रस्तावना

व्होल्गा नदीच्या काठी एक मोठे शहर आहे. झारांच्या राजवटीत त्याचे नाव त्सारित्सिन होते. 1925 साली ते स्टालिनग्राड झाले आणि 1961 पासून ते व्होल्गोग्राड या नावाने ओळखले जाते. एका मनुष्याच्या आयुष्यात एका शहराची तीन नावे झाली. नदी मात्र तीच राहिली. रशियाचा इतिहास समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयोगी आहे. राज्यकर्ते बदलले की काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न मनाशी ठेवून आपण हा पाठ वाचणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• रशियाच्या भूरचनेचा त्याच्या इतिहासाशी असलेला संबंध सांगू शकाल;
• प्रमुख राजवटींचा क्रम स्पष्ट करू शकाल;
• सत्तांतराचा सामान्य शेतकऱ्यावर झालेला परिणाम पडताळून पाहू शकाल.

1. भूमी

क्षेत्रफळाने रशिया हा जगातील सर्वांत मोठा देश आहे. त्याचा विस्तार सुमारे 1 कोटी 71 लाख चौरस किलोमीटर असून त्यात 11 कालविभाग आहेत. पूर्वेकडे व्लादिवोस्तोकला सायंकाळ होते, तेव्हा मॉस्कोत सकाळच असते. उरल पर्वताच्या पश्चिमेस युरोपीय रशियाचे विस्तीर्ण मैदान आहे आणि पूर्वेस सायबेरिया पसरला आहे. सायबेरियातील बैकल हे 1,642 मीटर खोलीचे सरोवर जगातील सर्वांत खोल सरोवर होय.

या भूरचनेतून तीन गोष्टी घडल्या. पश्चिमेच्या सपाट मैदानात शत्रूला अडवील असा उंच पर्वत नाही. म्हणून आक्रमणाची धास्ती कायम राहिली. रस्ते दुर्गम असल्याने नद्याच राजमार्ग ठरल्या. उत्तरेचा समुद्र वर्षातील बराच काळ गोठत असल्याने वर्षभर खुल्या राहणाऱ्या बंदरांची ओढ प्रत्येक राज्यकर्त्याला लागली. नद्यांचा हा मार्ग आपल्यापर्यंतही पोहोचला होता. 15व्या शतकात अफनासी निकितिन हा व्यापारी व्होल्गाकाठच्या त्वेर गावाहून निघाला आणि इराणमार्गे कोकणातील चौल बंदरात उतरला. तेथून तो जुन्नर व बीदरपर्यंत गेला.

2. झारांची राजवट

रशियन राज्यपरंपरेचा आरंभ कीव्ह येथे झाला. हीच परंपरा युक्रेन आणि बेलारूस हे देशही आपली मानतात. 988 मध्ये राजा व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1237 ते 1240 या काळात मंगोलांनी हा प्रदेश जिंकला. त्यांच्यासाठी खंडणी गोळा करता करता मॉस्कोचे राजे बलवान झाले आणि 1480 मध्ये तिसऱ्या इव्हानच्या काळात मंगोलांचे वर्चस्व संपले.

चौथा इव्हान 1547 मध्ये ‘झार’ ही पदवी धारण करून सिंहासनावर बसला. 1552 मध्ये कझान आणि 1556 मध्ये अस्त्राखान जिंकल्यावर संपूर्ण व्होल्गा नदी मॉस्कोच्या ताब्यात आली. पुढे मौल्यवान फरच्या लोभाने कोसॅक सैनिक सायबेरियात शिरले आणि 1639 मध्ये पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले.

1613 मध्ये रोमानोव्ह घराणे गादीवर आले. पीटर द ग्रेटने 1703 मध्ये नेवा नदीच्या मुखाजवळील दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवले आणि बाल्टिक समुद्राचे दार उघडले. कॅथरीन दुसरी हिच्या काळात, 1783 मध्ये, क्रिमिया रशियाच्या राज्यात आला.

नकाशा असा वाढत होता. परंतु तो वाढवणारे हात कोणाचे होते? 1649 च्या कायद्याने शेतकरी जमिनीला कायमचा बांधला गेला. जमीनदाराच्या अनुमतीवाचून त्याला गाव सोडता येत नसे. पीटरच्या नव्या नगरीत बळजबरीने आणलेले मजूर राबले आणि त्यांतील कित्येक तेथेच मेले. पुगाचोव्हच्या नेतृत्वाखालील 1773–75 चा उठाव हा या दास्याविरुद्धचा उद्रेक होता. क्रिमियाच्या युद्धात पराभव झाल्यावर राज्याचा मागासलेपणा उघड झाला. अखेर 1861 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासप्रथा रद्द केली. मात्र मिळालेल्या जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते 49 वर्षांचे होते. बेडी तुटली, पण तिची किंमत कैद्याकडूनच वसूल झाली.

3. सोव्हिएत काळ

पहिल्या महायुद्धातील हानी आणि अन्नटंचाई यांमुळे 1917 च्या आरंभी झारशाही कोसळली. त्याच वर्षी लेनिनच्या नेतृत्वाखाली बोल्शेविकांनी सत्ता घेतली. 1918 मध्ये राजधानी पुन्हा मॉस्कोस गेली आणि 1922 मध्ये सोव्हिएत संघ स्थापन झाला.

‘जमीन कसणाऱ्याची’ या घोषणेने शेतकरी आनंदला होता. परंतु स्टालिनच्या काळात 1929 पासून सामूहिक शेती सक्तीने लादली गेली. 1932–33 च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. 1932 मध्ये देशांतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली. बहुतेक सामूहिक शेतकऱ्यांना मात्र ते देण्यात आले नाही. पारपत्राशिवाय शहरात राहता येत नसे. हा अधिकार त्यांना 1974 च्या निर्णयाने मिळाला.

याच काळात साक्षरता आणि उद्योगधंदे झपाट्याने वाढले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 2 कोटी 70 लाख सोव्हिएत नागरिकांनी प्राण गमावले, तरी हिटलरच्या सेनेला मागे रेटण्यात आले. 1961 मध्ये युरी गागारिन अंतराळात जाणारा पहिला मानव ठरला. गागारिन हा सामूहिक शेतावर काम करणाऱ्या कुटुंबातील मुलगा होता. ज्या राजवटीने शेतकऱ्याचे पाय गावात अडकवले, तिनेच त्याच्या मुलाला आकाशात नेले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

4. 1991 नंतर

गोर्बाचेव्ह यांनी 1985 नंतर मोकळेपणाचे धोरण आणले. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन होऊन 15 स्वतंत्र देश झाले. येल्त्सिन यांनी 1999 च्या अखेरीस पद सोडले आणि सत्ता व्लादिमीर पुतिन यांच्याकडे आली. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडला. त्याला बहुसंख्य देशांनी मान्यता दिलेली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले.

सपाट मैदान, गोठणारा समुद्र यांवरून राज्यकर्त्यांच्या निर्णयांची पार्श्वभूमी कळते. परंतु भूगोल निर्णय घेत नाही. निर्णय माणसेच घेतात. म्हणून त्यांची जबाबदारीही माणसांचीच असते.

आपण काय शिकलात?

• रशियाची भूरचना आणि विस्तार यांचा निकट संबंध आहे.
• झार गेले, सोव्हिएत संघ आला आणि तोही गेला. प्रत्येक सत्तांतराचा भार सामान्य माणसाने वाहिला.
• राजवटीचे मोल नकाशावरून नव्हे, तर तेथील माणसाला मिळालेल्या स्वातंत्र्यावरून करावे.

स्वाध्याय

1. व्होल्गोग्राड शहराची पूर्वीची दोन नावे लिहा.
2. उत्तरेचा समुद्र गोठण्याचा रशियाच्या राजकारणावर कोणता परिणाम झाला?
3. 1649, 1861, 1932 आणि 1974 ही वर्षे शेतकऱ्याच्या दृष्टीने का महत्त्वाची आहेत?
4. ‘भूगोल निर्णय घेत नाही’ या विधानाविषयी आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.