बीजगणित आणि खोडदच्या तबकड्या

अंकगणिताची उपयुक्तता कोणास सांगावी लागत नाही. मजुरी, व्याज, बाजारभाव ह्यांत ते रोजच भेटते. परंतु मुलाच्या वहीत 'क्ष' आणि 'य' ही अक्षरे दिसू लागली, की पुष्कळ घरी प्रश्न उमटतो : अंक सोडून अक्षरांची बेरीज करावयाची ती कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही कळंबच्या शेजारीच शोधणार आहो.

प्रथम एक आलेखाचा कागद घ्यावा. मध्ये दोन रेघा एकमेकींस काटकोनात छेदतील अशा काढाव्या. आडवी ती क्ष-अक्ष, उभी ती य-अक्ष, आणि त्या जेथे छेदतात तो आरंभबिंदू. ह्या बिंदूवर आपले कळंब आहे असे समजू. पूर्वेकडील अंतर धन क्ष, पश्चिमेकडील ऋण. उत्तरेकडील धन य, दक्षिणेकडील ऋण. आता मंचर आपल्या दक्षिणेस आहे, म्हणून त्याचा य ऋण येईल. नारायणगाव उत्तरेस, त्याचा य धन. भीमाशंकर पश्चिमेस सह्याद्रीत, म्हणून त्याचा क्ष ऋण. खोडद ईशान्येस असल्यामुळे त्याचे दोन्ही अंक धन. ऋण संख्या म्हणजे केवळ कर्ज, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा नकाशा अवश्य काढावा. अंकांचा क्रम मात्र पाळलाच पाहिजे : (३, २) आणि (२, ३) ही दोन निराळी शेते आहेत.

बिंदूस अंकांनी ओळखण्याची ही रीत फ्रान्समधील देकार्त ह्याच्या १६३७ सालच्या भूमितीवरील ग्रंथामुळे रूढ झाली. अज्ञात राशीस नाव देण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी. बाराव्या शतकात भास्कराचार्य अशा राशींस यावत्तावत्, कालक, नीलक म्हणत.

आता खोडदकडे वळू. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, एकंदर ३० तबकड्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, आणि १६ तबकड्या तीन दिशांस गेलेल्या लांब भुजांवर आहेत. एकाच ताऱ्याकडून आलेली लहर ह्या तबकड्यांवर निरनिराळ्या क्षणी पोहोचते. तो फरक काढून टाकल्यावाचून त्यांचे संदेश जुळत नाहीत, आणि फरक काढण्यास प्रत्येक तबकडीचे निर्देशक ठाऊक असावे लागतात. येथे क्ष आणि य ह्यांच्या जोडीस उंचीचा तिसरा अंकही हवा. हायड्रोजन वायूची लहर २१ सेंटीमीटर लांबीची असते. तिच्या मार्गात साडेदहा सेंटीमीटरांची चूक झाली, तर एका लहरीचा माथा दुसरीच्या खळग्यावर येऊन दोन्ही एकमेकींस पुसून टाकतील!

आता 'फल' म्हणजे काय ते पाहू. समजा, टोमॅटो बाजारात नेण्यास टेम्पोवाला २०० रुपये ठोक आणि दर क्रेटमागे १५ रुपये घेतो. क्रेट क्ष असतील, तर भाडे य = १५क्ष + २००. क्षची एक किंमत घेतली की यची एकच किंमत मिळते. असा नियम असला म्हणजे य हे क्षचे फल होय. ह्याचा आलेख सरळ रेषेत येतो.

तबकडीचा नियम निराळा आहे. तिचा व्यास ४५ मीटर, आणि लहरी जेथे एकवटतात तो नाभिबिंदू तळापासून १८.५४ मीटर उंच. तळाच्या मध्यास आरंभबिंदू मानून, मध्यापासूनचे अंतर क्ष आणि तेथील उंची य मीटरांत घेतली, तर क्ष² = ७४.१६य. (७४.१६ म्हणजे १८.५४ची चौपट.) क्ष १० असता य सुमारे १.३५, क्ष २० असता सुमारे ५.३९, काठाशी, क्ष २२.५ असता, सुमारे ६.८३. क्ष दुप्पट झाला की य चौपट होतो, म्हणून रेषा वाकते. ह्या वक्रास अन्वस्त म्हणतात. वस्तुतः तबकडीचा पृष्ठभाग बारीक तारांच्या जाळीच्या सपाट तुकड्यांचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, आणि तुकडे मिळून वक्राच्या पुरेसे जवळ येतात.

हाच वक्र का? क्ष = २० हा बिंदू घ्या. तेथून नाभीपर्यंतचे अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने काढले, तर २३.९३ मीटर येते. आणि य + १८.५४ हेही २३.९३च! हा योगायोग असेल काय? अंकगणिताने एकेक बिंदू तपासीत बसलो तर काम कधीच संपणार नाही, कारण बिंदू अगणित आहेत. अक्षरे घ्या. अंतराचा वर्ग = क्ष² + (य − १८.५४)². ह्यात क्ष²च्या जागी ७४.१६य घाला. कंस सोडविल्यावर −३७.०८य मिळतात, ते ७४.१६य मध्ये मिळविले की +३७.०८य उरतात, आणि सर्व मिळून (य + १८.५४)² होते. म्हणजे कोणताही बिंदू घ्या, नाभीपर्यंतचे अंतर य + १८.५४ च.

आता तबकडी सरळ वर आकाशाकडे वळली आहे असे समजू. उ मीटर उंचीच्या आडव्या पातळीवरून सरळ खाली येणारी लहर उ − य इतके उतरते, आणि परावर्तित होऊन य + १८.५४ इतके चालून नाभीस पोहोचते. बेरीज करा : य नाहीसा होतो, उ + १८.५४ उरते. काठावरून आलेली लहर आणि मध्यावरून आलेली लहर सारखेच अंतर चालून एकाच क्षणी पोहोचतात. अक्षरांचे मोल विचारणाऱ्या पालकांनी ही बेरीज मुलाकडून स्वतःसमोर करवून घ्यावी.

जाता जाता एक उदाहरण देतो. व्यास ४५ मीटरच ठेवून नाभिबिंदू १० मीटरांवर आणला, तर काठाची उंची किती होईल? उत्तर साडेबारा मीटरांहून किंचित अधिक यावे. दोन्ही वक्र एकाच कागदावर काढावे, आणि इतकी खोल तबकडी उभारण्यास जाळी अधिक लागेल की कमी, हेही पाहावे.