वाळा : मातीतील निरुपद्रवी साप

पावसाळ्याच्या प्रारंभी जमिनीत पाणी मुरू लागले, की न्हाणीघराच्या मोरीत, कुंडीखाली किंवा शाळेच्या ओसरीवर काळसर, दोऱ्यासारखा एक जीव वळवळताना दिसतो. कोणी त्यास गांडूळ समजतो, तर कोणी विषारी सापाचे पिलू समजून ठेचून टाकतो. वस्तुतः हा वाळा होय. सापांच्या अत्यंत लहान जातींपैकी ही एक असून तिच्यापासून मनुष्यास कोणताही अपाय संभवत नाही.

वाळ्याची लांबी बहुधा १० ते १५ सेंटिमीटर भरते. त्याचे अंग कोरडे, चकचकीत व बारीक खवल्यांनी आच्छादलेले असते. गांडुळाचे अंग ओलसर असून त्यावर वलये असतात. शिवाय त्यास सापासारखी जीभ नसते. वाळ्याचे डोळे म्हणजे खवल्यांखाली दडलेले दोन काळे ठिपके. त्यांना उजेड व अंधार एवढाच भेद कळतो. डोके व शेपूट दोन्ही बोथट असल्याने तो दुतोंडी वाटतो. पॅट्रिक रसेल यांनी १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विशाखापट्टणम परिसरातील या सापाची नोंद ‘दोन डोक्यांचा साप’ या अर्थाच्या तेलुगू नावानेच केली आहे. शेपटीच्या टोकाशी असणारा बारीक काटा टोचला, तरी तो विषारी नसतो.

मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे वाळ्याचे मुख्य अन्न. म्हणूनच तो बागाईतदाराचा अबोल मदतनीस ठरतो. या जातीत माद्याच आढळतात. नराविना त्या अंडी घालतात, त्यामुळे एकच मादी नव्या प्रदेशात वंश रुजवू शकते. रोपांच्या कुंड्यांतील मातीतून वाळा आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांपर्यंत पोहोचला आहे.

तथापि, ओळख पटल्याखेरीज कोणताही लहान साप हाती धरू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची पिलेही जन्मतःच विषारी असतात. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाळा मात्र निश्चित ओळखल्यास सुपलीत घेऊन परसातील ओलसर मातीत सोडावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस हा फरक समजावून दिला, तर एक निरपराध जीव वाचेल आणि खऱ्या धोक्याविषयीची सावधताही वाढेल.