रांगेतला गळ

मासे पकडणारा माणूस म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र येते? शांत तळे, झाडाची सावली आणि गळ टाकून एकटाच बसलेला माणूस, होय ना? आता हे चित्र बाजूला ठेवा. आज आपण अशा एका नदीवर जाऊ, जिथे गळ टाकायलाही खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते.

ही नदी अमेरिकेतील अलास्का राज्यात आहे. तिचे नाव केनाई. केनाई सरोवरातून निघून ती सुमारे 130 किलोमीटर वाहते आणि कुक नावाच्या खाडीला मिळते. वाटेत कूपर लँडिंग या गावाजवळ रशियन नावाची एक छोटी नदी तिला येऊन मिळते. हिवाळ्यात हा संगम बर्फाने वेढलेला आणि सामसूम असतो. पण जून महिना उजाडला, की इथे जत्रा भरते. या जत्रेचे कारण आहे सॅमन मासा.

सॅमनची कहाणी मोठी नवलाची आहे. तो नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो. नंतर खाऱ्या समुद्रात जातो आणि तिथे वाढतो. अंडी घालण्याची वेळ आली, की तो आपल्या जन्माच्या नदीकडे परत फिरतो. नदीजवळ आल्यावर पाण्याच्या वासावरून तो आपले घर ओळखतो. नदीत शिरताच तो खाणे सोडतो. प्रवाहाच्या उलट पोहत, खडकांवरून उड्या घेत तो वर वर जातो. केनाईत येणाऱ्या लाल सॅमनला सॉकाय म्हणतात. समुद्रात तो चांदीसारखा चकाकतो. अंडी घालण्याच्या वेळी त्याचे अंग लालभडक आणि डोके हिरवे होते. मादी शेपटीने खडीत खळगा करते आणि त्यात दोन ते चार हजार अंडी घालते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर आणि मादी दोघेही मरतात.

हे मासे वर्षभर येत नाहीत. रशियन नदीत त्यांची पहिली झुंड जूनमध्ये येते आणि दुसरी जुलैच्या मध्यानंतर. म्हणजे सगळी संधी काही आठवड्यांचीच! त्यातच जूनमध्ये इथे दिवस सुमारे 19 तासांचा असतो. रात्री दहा वाजताही लख्ख उजेड असतो. मग लोक का थांबतील? मोटारींची रांग लागते. पलीकडच्या काठावर जाण्यासाठी एक तरफ आहे. ती जाड तारेला बांधलेली असते आणि नदीच्या प्रवाहाच्या जोरावरच या काठावरून त्या काठावर जाते.

आता तुम्ही त्या रांगेत उभे आहात, अशी कल्पना करा. पायांत रबरी बूट आहेत. गुडघाभर पाणी बर्फासारखे थंड आहे. डावीकडे हातभर अंतरावर एक आजोबा आहेत आणि उजवीकडे तुमच्याच वयाची एक मुलगी. गळ प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. पाण्याबरोबर तो खाली वाहू द्यायचा. मग उचलून पुन्हा वर टाकायचा. सगळी रांग हे एकाच तालात करते. एकाने जरी ताल सोडला, तरी चार जणांच्या दोऱ्या एकमेकींत गुंततात. गळ हवेतून सपकन येतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. गमतीने लोक या प्रकाराला ‘लढाईची मासेमारी’ म्हणतात.

पण ही लढाई नियमांनी चालते. एखाद्याच्या गळाला मासा लागला, की तो मोठ्याने ओरडतो. लगेच शेजारचे आपापल्या दोऱ्या आत ओढून घेतात आणि त्याला काठाकडे जायला वाट देतात. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. तरीही सगळे वाट देतात, कारण पुढची पाळी आपली असू शकते, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

काही नियम सरकारचे आहेत. गळ माशाच्या तोंडातच लागलेला असला पाहिजे. पाठीत किंवा पोटात लागला, तर मासा सोडून द्यावा लागतो. साधारणपणे एका माणसाला दिवसाला तीनच सॉकाय घेता येतात. मासा साफ केल्यावर उरलेल्या भागाचे बारीक तुकडे करून ते वेगवान प्रवाहात सोडायचे. ते काठावर पडून राहिले, तर वासाने अस्वले येतात. हो, इथे अस्वलेही मासे पकडायला येतात! म्हणून खाण्याची पिशवी कोणी नजरेआड ठेवत नाही. पायांनी तुडवून काठ ढासळू नये, यासाठी लाकडी पायवाटा आणि पायऱ्या केल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र गर्दीपासून दूर, नदीच्या वरच्या भागात चालते. तिथे पाण्यात एक कुंपण घातले आहे. त्यातील वाटेने जाणारे मासे कर्मचारी मोजतात. जूनच्या झुंडीतले 22,000 ते 42,000 मासे अंडी घालायला वर पोहोचले पाहिजेत, असे तज्ज्ञांनी ठरवले. मासे कमी दिसले, तर मासेमारी बंद करता येते. भरपूर दिसले, तर दिवसाला तीनपेक्षा जास्त मासे घेऊ देतात. म्हणजे आधी नदीचा वाटा आणि मग माणसाचा!

हा हिशेब का ठेवायचा? याच केनाई नदीत किंग नावाचा मोठा सॅमनही येतो. 1985 साली लेस अँडरसन यांनी इथे सुमारे 44 किलो वजनाचा किंग पकडला. गळाने पकडलेल्या किंग सॅमनचा तो जागतिक विक्रम ठरला. त्यानंतरच्या काळात मात्र किंग घटत गेले. त्यामागे एकच कारण नाही. समुद्रातील बदलांचाही त्यात वाटा आहे. शेवटी 2023 आणि 2024 साली केनाईत किंग पकडण्यास बंदी घालावी लागली. ज्या माशाने नदीला कीर्ती दिली, त्याच्यावर गळ टाकणेच थांबले.

या नदीकाठी डेनाइना लोक सुमारे एक हजार वर्षांपासून राहत आले आहेत. उन्हाळ्यात सॅमन पकडायचा, तो वाळवायचा, धुरावर टिकवायचा आणि हिवाळ्यासाठी साठवायचा, ही त्यांची रीत. मासा पुढच्या वर्षी आला नाही, तर आपण काय खाणार, हा प्रश्न त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

आपल्याकडेही असे मासे आहेत. मृगाचा पाऊस पडला, की कोकणातल्या ओढ्यांमधून मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते पकडायला लोकांची झुंबड उडते. या दिवसांत एक मादी पकडली, की तिच्या पोटातली अंडीही संपतात. जून आणि जुलै महिन्यांत महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ती याच कारणाने. समुद्रावर पहारा ठेवता येतो. पण गावाच्या ओढ्यावर कोण पहारा ठेवणार? तिथे मासे मोजणारा कर्मचारी नसतो. तिथे फक्त तुम्ही आणि आम्ही असतो.

शब्दार्थ
झुंड – मोठा समूह
तरफ – नदी पार करण्याची सपाट होडी
खडी – बारीक दगड
झुंबड उडणे – एकदम गर्दी होणे
कीर्ती – प्रसिद्धी

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सॅमन आपली जन्माची नदी कशावरून ओळखतो?
(आ) तरफ कशाच्या जोरावर चालते?
2. कारणे लिहा.
(अ) रांगेतील सर्वांना एकाच तालात गळ टाकावा लागतो.
(आ) माशाचे उरलेले भाग काठावर टाकत नाहीत.
3. ‘आधी नदीचा वाटा आणि मग माणसाचा’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
4. उपक्रम : तुमच्या परिसरातील मासे विकणाऱ्या काकूंना किंवा चाचांना विचारा, की कोणत्या महिन्यांत कोणते मासे मिळत नाहीत आणि का. मिळालेली माहिती वर्गात सांगा.