विज्ञानाची बातमी : चार प्रश्न



गस्तीवरून परतलेला जवान अहवाल देताना ‘काय पाहिले’ आणि ‘त्यावरून काय वाटले’ हे वेगळे सांगतो. संशोधनाची बातमी वाचतानाही हाच नियम लावा, असे मी वर्गात सांगत असतो. एक उदाहरण पाहू.

जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईत कोरोनाचे सेरो सर्वेक्षण केले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. लगेच सामूहिक प्रतिकारशक्ती जवळ आल्याची चर्चा सुरू झाली. आता चार प्रश्न विचारू.

१. कोणाला तपासले? २४ पैकी फक्त तीन प्रभागांतील लोकांना : माटुंगा, चेंबूर व दहिसर भागांत. हा आकडा साऱ्या मुंबईचा नाही. मग आपल्या उतईचा कसा असेल?

२. किती जणांना? ८,८७० नमुने घ्यायचे ठरले होते, मिळाले ६,९३६. संख्या चांगलीच आहे. पण ज्यांनी रक्त दिले नाही, ते वेगळे असू शकतात.

३. काय मोजले? प्रतिपिंडे, म्हणजे विषाणू शरीरात येऊन गेल्याची खूण. संरक्षण किती काळ टिकेल, हे या चाचणीने मोजले नव्हते.

४. निष्कर्ष कोणाचा? आकडे सर्वेक्षणाचे होते; ‘आता धोका टळला’ हा अर्थ ऐकणाऱ्यांनी जोडलेला.

पुढे २०२१ मध्ये दुसरी लाट मुंबईतही आली, आणि एप्रिलमध्ये आपल्या दुर्ग जिल्ह्यातही टाळेबंदी लागली.

म्हणून सर्वेक्षण खोटे होते का? मुळीच नाही. नोंदलेल्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक लोकांना लागण होऊन गेली होती, ही मोलाची माहिती त्यानेच दिली. शंका घ्यायची ती अभ्यास आणि मथळा यांच्यामधल्या उडीवर. ‘सगळे खोटे’ म्हणणारा आणि ‘सगळे खरे’ म्हणणारा, दोघेही तपास टाळतात.

पालकांनीही आरोग्याचा एखादा संदेश पुढे पाठवण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारावेत.

स्वाध्याय : या आठवड्यातील संशोधनाची एक बातमी कापून वहीत चिकटवा. चारही उत्तरे लिहा. जे उत्तर बातमीत सापडत नाही, तेथे ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहा. अंदाजाने रकाना भरू नका.