टस्कीगी

मुलांनो, अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथे माँटगोमेरी शहराच्या पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर टस्कीगी हे छोटे गाव आहे. वस्ती जेमतेम नऊ-दहा हजारांची. तरीही दूरदूरचे लोक ते पाहायला येतात.

‘गुलाम’ हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको. या भागातील कापसाच्या शेतांत पूर्वी कृष्णवर्णीय गुलाम राबत असत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पण शिकायचे कोठे? १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन नावाचा तरुण शिक्षक येथे आला. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला होता. एका मोडक्या झोपडीत ३० विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. छप्पर इतके गळके, की पाऊस आला म्हणजे एक विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही!

पुढे शाळेला इमारत हवी झाली. विकत विटा घ्यायला पैसे नव्हते. मग विद्यार्थ्यांनीच चिखल तुडवला, विटा पाडल्या, भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली. तिसरी भट्टी तर आठवडाभर जळून शेवटी रात्री ढासळली. हातात एक पैसा उरला नाही. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ माँटगोमेरीला नेऊन १५ डॉलरला गहाण ठेवले आणि चौथी भट्टी लावली. ती मात्र जमली. ते घड्याळ त्यांना कधीच सोडवून आणता आले नाही.

आज त्या शाळेचे विद्यापीठ झाले आहे. आवारात ‘द ओक्स’ हे वॉशिंग्टन यांचे घर आहे. ते विद्यार्थ्यांनी, स्वतः पाडलेल्या विटांनी बांधले. जवळच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे संग्रहालय आहे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे मराठी पुस्तक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असेल, तर अवश्य वाचा. कार्व्हर १८९६ मध्ये येथे आले. प्रयोगशाळेत काहीच नव्हते. त्यांनी फेकलेल्या बाटल्या आणि डबे गोळा करून उपकरणे केली. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असे ते शेतकऱ्यांना सांगत. १९४३ मध्ये ते वारले. दोघांच्या कबरी या आवारातच शेजारी शेजारी आहेत.

गावाबाहेर मोटन फील्ड हा विमानतळ आहे. कृष्णवर्णीयांना विमान चालवणे जमणार नाही, असे तेव्हा पुष्कळ गोरे अधिकारी म्हणत. १९४१ पासून येथेच त्यांना वैमानिकाचे शिक्षण मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची लाल शेपटीची विमाने प्रसिद्ध झाली. जुन्या हँगरमध्ये आता संग्रहालय आहे.

गावात फिरताना एक गोष्ट डोळ्यांना दिसणार नाही, ती म्हणजे गावाची हद्द. ही हद्द चौकोनी होती. कृष्णवर्णीय मतदार वाढू लागले, तेव्हा १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती बदलून चक्क २८ बाजूंची केली. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाचच हद्दीत उरले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही! लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांत जाणे बंद केले. विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे जुनी हद्द परत आली. १९७२ मध्ये याच गावाने जॉनी फोर्ड यांना आपला पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडले.