मीठ, माशी आणि एक पत्र



मागच्या शनिवारी मोठ्या गटात आम्ही विचारले, "मोठेपणी कोण होणार?" डॉक्टर, इंजिनियर, पुन्हा डॉक्टर अशी उत्तरे आली. एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मला मेंदू कसा चालतो ते शोधायचंय. पण बाबा म्हणतात, ती काय नोकरी आहे?" आज तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधू.

गरम तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो, कारण बोटाचा निरोप चेतापेशींमधून विजेच्या रूपाने धावतो. ही वीज येते कुठून? जेवणातल्या मिठात असते त्याच सोडियममुळे! पाण्यात विरघळलेल्या सोडियमच्या कणावर विद्युतभार असतो. अशा कणाला आयन म्हणतात. चेतापेशीच्या बाहेर सोडियमचे आयन जास्त, आत पोटॅशियमचे जास्त. पेशीच्या आवरणात बारीक दारे असतात. निरोप आला की सोडियमचे दार उघडते आणि आयन आत घुसतात. पाठोपाठ पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. तोवर शेजारचे दार उघडते आणि निरोप पुढे सरकतो. आवरणातला पंप मात्र सतत आवराआवर करतो : सोडियमचे ३ आयन बाहेर, पोटॅशियमचे २ आत.

हॉजकिन आणि हक्सली यांनी प्लिमथला माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हे उलगडले. १९५२ साली त्यांचे निबंध छापले गेले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आता जवळची गोष्ट. ओबेद सिद्दिकी दिल्लीत गव्हावर संशोधन करत होते. गारपिटीने सगळे पीक गेले. मग ते ग्लासगोला आले, म्हणजे आपल्या शेजारच्याच शहरात, आणि तिथे त्यांनी पीएच.डी. केली. १९६२ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून त्यांनी मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे अमेरिकेत सेमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी विचित्र फळमाशा तपासल्या. सुमारे २९ अंशांच्या उबेत एरवीच्या माशा मजेत उडतात, पण या लुळ्या पडत. गार केल्या की पुन्हा चालू! निरोप कुठे अडतो, हे दोघांनी विजेची नोंद घेऊन शोधले. निबंध १९७६ साली आला. त्यांतल्या एका माशीचा दोष सोडियमच्या दारात होता, हे १९८९ साली पक्के झाले. मध्ये तेरा वर्षे गेली. या कामाला असा धीर लागतो.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे आईवडील गोव्याचे, पण जन्म नैरोबीचा. म्हणजे तुमच्यासारख्याच परदेशात वाढलेल्या! डब्लिनला शिकताना त्यांनी सिद्दिकींचे निबंध वाचले आणि सरळ त्यांना पत्र लिहिले. त्या मुंबईला आल्या आणि माशीला चव आणि वास कसा कळतो यावर त्यांनी संशोधन केले. चव काय, वास काय, मेंदूकडे निरोप जातो तो आयनांच्याच जोरावर. पुढे त्या त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. २०१० साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, थोडे तुमच्याशी. हा रस्ता लांब आहे : स्कॉटलंडमध्ये पदवीची साधारण चार वर्षे, नंतर पीएच.डी.ची तीन-चार. त्यापुढच्या नोकऱ्याही बरेचदा दोन-तीन वर्षांच्या कराराच्या असतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दात काढताना हिरडी बधिर करणारे इंजेक्शन सोडियमची हीच दारे बंद करते. फिट्सवरची काही औषधेही त्याच दारांवर काम करतात. डॉक्टरांच्या हातात औषध येते, त्यामागे कुणीतरी माशी किंवा माकूळ घेऊन वर्षानुवर्षे बसलेले असते. तेव्हा "ती काय नोकरी आहे?" असे म्हणण्याआधी मुलीला एवढेच विचारा, "तुला नक्की काय शोधायचंय?"

नवे शब्द
चेतापेशी – निरोप वाहून नेणारी पेशी
विद्युतभार – कणावरची वीज
माकूळ – दहा बाहूंचा समुद्री प्राणी
लुळे पडणे – हातपाय हलवता न येणे

स्वाध्याय
१. चेतापेशीच्या आत कोणते आयन जास्त असतात?
२. गारपीट झाली नसती तर काय झाले असते? पाच ओळी लिहा.
३. तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहून, तो कुणाला विचाराल त्या व्यक्तीला मराठीत पत्र लिहा. पुढच्या शनिवारी वर्गात वाचू.