शरद ऋतू आणि बालवाडी

भाद्रपद सरून आश्विन लागला की भातशेते पिवळी पडू लागतात. बालवाडीच्या शिक्षिकेस याहून स्वस्त शैक्षणिक साहित्य मिळणे कठीण! दसऱ्याच्या सुमारास बालकांपुढे आपट्याची व कांचनाची पाने एकत्र मांडावीत. दोन्ही टोकाशी दुभंगलेली. मात्र आपट्याचे पान लहान, कांचनाचे मोठे. बालके ती निवडून वेगळी करतात, मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही भाग जुळतात का ते पाहतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याची पालकांना घाई असते; परंतु अक्षर वळविणारी बोटे अशा निवडण्या-दुमडण्यातूनच तयार होतात. भाताच्या लोंब्या शिक्षिकेच्या नजरेसमोर हाताळू द्याव्यात. सुटे दाणे मुले नाकात घालतात. पानांसाठी फांद्या ओरबाडू नयेत. एका मुलामागे दोन-तीन पाने पुरतात.